नाळेतल्या स्टेम सेलने हृदय सुधारतं का? (वडिलांसाठी विचारतेय)

चाळीतली_चिमणी (लालबाग) | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि भांडणं वाचायला येते, आज कामाचं विचारायचंय.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वय ६६. मागच्या वर्षी मोठा अटॅक आला, अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट पडले. जीव वाचला, पण इको केला की ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) २८ नाहीतर ३०, त्याच्या वर काही जात नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. वर चढताना दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून उभे राहतात आणि कुणी विचारलं तर सांगतात, "काही नाही, खाली कोण आलंय बघतोय."

आता दोन गोष्टी एकदमच आल्यात. वहिनीला आठवा लागलाय. ती ज्या मॅटर्निटी होममध्ये जाते तिथे कॉर्ड बँकेची एक मुलगी फाईल घेऊन बसलेली असते. नाळेचं रक्त आणि नाळेचा टिश्यू दोन्ही साठवायचं, सत्तर हजार, हप्त्यानेही चालेल म्हणाली. भावाने बोलता बोलता अण्णांचं सांगितलं, तर लगेच, "मग तर तुम्ही घ्यायलाच हवं सर, नातवाची नाळ आजोबांच्या कामी येईल."

दुसरं म्हणजे अण्णांच्या बीपीटीमधल्या (मुंबई बंदरातल्या) जुन्या मित्राने पश्चिम उपनगरातल्या एका क्लिनिकचा पत्ता दिला. तिथे नाळेतल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, सलाइनमधून देतात. कोटेशनचा कागद आत्ता माझ्यासमोर आहे. तीन डोस, साडेचार लाख, "डे-केअर रूम व नाश्ता समाविष्ट". मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात "परिणाम रुग्णागणिक वेगळे, रक्कम परत मिळणार नाही". भाऊ एफडी मोडायला निघालाय. आईने देवापुढे कौल लावून झालाय.

यात खरं किती? कुणी जाणकार असेल तर सांगा. घाबरवलंत तरी चालेल, पण नीट सांगा.

---

बोरिवली_स्लो | सोमवार, रात्री १०:५८

नाश्त्यात काय देतात ते विचारून घ्या. साडेचार लाखांत निदान उकडीचे मोदक तरी हवेत.

गंमत बाजूला. इथे पेशीवाला नावाचे एक सभासद आहेत, परळच्या लॅबमध्ये आयुष्य गेलंय त्यांचं. त्यांना हाक मारतो.

---

आशावादी | सोमवार, रात्री ११:२०

ताई, हे खोटं नाही. चिलीमध्ये नाळेच्या पेशींचा रीतसर अभ्यास झालाय आणि हार्ट फेल्युअरच्या (हृदय कमजोर पडलेल्या) पेशंटचा ईएफ वाढला. आपल्याकडे सगळं वीस वर्षं उशिरा येतं आणि तोवर माणूस राहत नाही. पैसे असतील तर करून बघायला काय हरकत आहे? साइड इफेक्ट तर नाहीत.

---

पेशीवाला | मंगळवार, सकाळी ६:१५

हाकेला ओ दिली. लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

चिमणीताई, आधी नाळेबद्दल. नाळ आडवी कापली की तीन भोकं दिसतात, दोन धमन्या आणि एक शीर. त्यांच्याभोवती पांढरट, बुळबुळीत, काहीसा पारदर्शक गर असतो. बाळ पोटात कोलांट्या मारतं तेव्हा रक्तवाहिन्या दाबल्या जाऊ नयेत म्हणून निसर्गाने घातलेली ती गादी. थॉमस व्हार्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६५६ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला व्हार्टन्स जेली म्हणतात. ताजी नाळ ग्लोव्ह्जमध्येसुद्धा हातातून निसटते. वाहिन्या सोलून काढायच्या, गराचे बारीक तुकडे करायचे आणि ते प्लेटला चिकटवून वाट बघायची. काही दिवसांनी तुकड्यांच्या कडेने लांबट पेशी बाहेर सरकायला लागतात. त्याच मेसेन्कायमल स्टेम सेल, एमएससी. क्लिनिकवाले म्हणतात त्या याच.

नाळेच्या रक्तातल्या पेशी वेगळ्या. त्या रक्त तयार करणाऱ्या. ल्युकेमिया, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया यांत त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. १९८८ साली पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलात एलिअन ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया (रक्ताचा जन्मजात आजार) झालेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचं रक्त देऊन जगातला असा पहिला ट्रान्सप्लांट केला. बँकवाले या रक्ताचं पुण्याईचं खातं दाखवून पलीकडच्या टिश्यूचं आणि हृदयाचं गिऱ्हाईक पटवतात. बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आता चिलीचा अभ्यास. आशावादी म्हणतात तो खरा आहे. नाव रिमेकार्ड, २०१७ साली सर्क्युलेशन रिसर्च या नियतकालिकात आला. एकूण ३० पेशंट. १५ जणांना पेशी, १५ जणांना नुसतं औषध नसलेलं सलाइन, आणि कुणाला काय मिळालं ते पेशंटलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. डोस शिरेतून एकदाच, वजनाच्या दर किलोला १० लाख पेशी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ कोटी. वर्षभराने पेशीवाल्यांचा ईएफ सरासरी ७ अंकांनी वाढला, दुसऱ्या गटाचा २ पेक्षा थोडा कमी. दगाफटका काही झाला नाही. चांगला अभ्यास आहे, मला आवडतो.

पण पंधरा माणसं! पंधरा माणसांच्या अभ्यासाने एवढंच सिद्ध होतं की पुढचा मोठा अभ्यास करायला हरकत नाही. त्यावर कोटेशन छापता येत नाही. इको दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या डॉक्टरांनी केला तर पेशंटमध्ये काहीही न बदलता ईएफमध्ये पाच-सात अंकांचा फरक येऊ शकतो. म्हणून तर तुलनेला दुसरा गट लागतो. क्लिनिकमध्ये तो दुसरा गट कुठे असतो?

आणि ताई, त्या बँकेच्या मुलीला एक प्रश्न विचाराच. चिलीत वापरलेल्या नाळा कुणाच्या होत्या? पेशंटच्या नातवंडांच्या नव्हत्या. सिझेरियन झालेल्या अनोळखी बायकांनी दान दिलेल्या होत्या. या पेशींना रक्तगट-ऊतींचं कडक जुळणं लागत नाही, हीच तर त्यांची खासियत. म्हणजे उपचार उद्या सिद्ध झाला तरी तो परक्या नाळेतून तयार केलेल्या, तपासलेल्या, गोठवलेल्या बाटलीतून मिळेल. नातवाची नाळ सत्तर हजार देऊन ठेवायचं कारणच उरत नाही. उपचार ठरला नाही तर ती ठेवून उपयोग नाही, आणि ठरला तर ठेवायची गरज नाही.

---

चाळीतली_चिमणी | मंगळवार, सकाळी ८:०५

हे शेवटचं वाक्य भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे त्या मुलीने का नाही सांगितलं?" 😀

पण काका, या पेशी हृदयात जाऊन नवीन हृदय बनवतात, असं क्लिनिकच्या व्हिडिओत दाखवतात. लाल गोळे जाऊन काळा भाग गुलाबी करतात.

---

पेशीवाला | मंगळवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितो.

तो व्हिडिओ मीही पाहिलाय. हाताच्या शिरेतून दिलेल्या या पेशी आधी फुप्फुसात पोचतात. पेशी मोठ्या आणि तिथल्या केशवाहिन्या अरुंद, त्यामुळे बहुतेक तिथेच अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. हृदयापर्यंत जातात त्या अगदी थोड्या आणि त्यांचे हृदयाचे स्नायू होत नाहीत. या पेशी गवंडी नव्हेत, मुकादम आहेत: भिंत स्वतः बांधत नाहीत, आरडाओरडा करून दुसऱ्यांना कामाला लावतात आणि निघून जातात. हा आरडाओरडा म्हणजे त्या सोडतात ती प्रथिनं आणि सूक्ष्म पिशव्या. त्याने सूज कमी होते, नव्या वाहिन्या फुटायला मदत होते, व्रण थोडा मऊ पडतो. निदान प्रयोगशाळेत आणि प्राण्यांत तरी असं दिसलंय.

मुळात अटॅकमध्ये कितीचं नुकसान होतं बघा. मोठ्या अटॅकमध्ये अब्जाच्या घरात स्नायूपेशी मरू शकतात. आणि हृदय स्वतःहून भरून काढतं ते किती? याचं उत्तर फार मजेशीर रीतीने मिळालं. शीतयुद्धातल्या अणुस्फोटांनी हवेत कार्बन-१४ वाढला होता, तो त्या काळातल्या माणसांच्या डीएनएत उतरला. त्यावरून पेशींचं वय काढून स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटाने २००९ साली दाखवलं की पंचविशीत हृदयाच्या वर्षाला साधारण १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात आणि म्हातारपणी अर्ध्या टक्क्याहून कमी. अण्णांच्या वयात अटॅकने पडलेला खड्डा आपोआप भरत नाही तो यामुळे. आणि या क्षेत्राच्या मागे सगळे हात धुऊन लागलेत तेही याचमुळे.

---

डॉ_स्टेथो | मंगळवार, रात्री ९:१०

पेशीवाल्यांना शंभर टक्के अनुमोदन. मी फिजिशियन आहे, स्टेम सेलवाला नाही, म्हणून मला जे जास्त महत्त्वाचं वाटतं ते विचारतो.

चिमणीताई, अण्णांना सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? पाकिटावरची नावं इथे टाका. डोससकट.

---

वसईकर | मंगळवार, रात्री ९:४५

आमच्या काकांनी असलंच घेतलंय, म्हणून लिहितो. क्लिनिकचं नाव घेत नाही, उगाच नोटिसा येतात.

काकांचा ईएफ २५ होता, चार महिन्यांनी ३६ झाला. घरात पेढे वाटले. काकी तर त्या डॉक्टरांचा फोटो देवघराशेजारी लावायला निघाली होती. मग माझी बहीण, फार्मसी झालेली, तिने सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे जमिनीवर मांडल्या. ज्या महिन्यात पहिला डोस झाला त्याच महिन्यात क्लिनिकमधल्या कार्डिऑलॉजिस्टने काकांच्या गोळ्या बदलल्या होत्या. सॅक्युबिट्रिल-वलसार्टन सुरू केलं होतं आणि डापाग्लिफ्लोझिन. आधीच्या डॉक्टरांकडे नुसतं रॅमिप्रिल आणि पाण्याची गोळी.

आता ईएफ कशाने वाढला? काका म्हणतात, इंजेक्शनने. बहीण म्हणते, गोळ्यांनी. दिवाळीत दोघं बोलत नव्हते.

---

डॉ_स्टेथो | मंगळवार, रात्री १०:०२

वसईकर, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा. या धाग्यातली ही सर्वांत मौल्यवान पोस्ट आहे.

---

चाळीतली_चिमणी | मंगळवार, रात्री १०:२०

डॉक्टर, आत्ता डबा उघडून पाहिला. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोरवास्टॅटिन ४०, रॅमिप्रिल २.५, मेटोप्रोलॉल २५ आणि पायाला सूज आली की घ्यायची पाण्याची गोळी. बस. डिस्चार्जच्या वेळी दिलेली चिठ्ठी, तीच चालू आहे. केमिस्ट ओळखीचा आहे, तो देतो.

---

डॉ_स्टेथो | मंगळवार, रात्री १०:४८

वाटलंच होतं.

मी अण्णांना तपासलेलं नाही, त्यामुळे इथे औषध लिहून देणार नाही आणि तुम्हीही परस्पर काही सुरू करू नका. पण कार्डिऑलॉजिस्टकडे जाताना काय विचारायचं ते सांगतो.

ईएफ ४० च्या खाली असलेल्या हार्ट फेल्युअरला आज चार प्रकारची औषधं मिळून देतात. एक बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉल), तो अण्णांना आहे पण सुरुवातीच्या डोसवरच राहिलाय. दुसरं, रॅमिप्रिलच्या जागी सॅक्युबिट्रिल-वलसार्टन. यात रॅमिप्रिल बंद करून ३६ तास मध्ये जावे लागतात, नाहीतर तोंड-घसा सुजण्याचा धोका असतो. म्हणूनच म्हणतो, परस्पर करू नका. तिसरं, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. चौथं, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही मूळची मधुमेहाची औषधं, पण साखर नसलेल्या हृदयरुग्णांनाही उपयोगी ठरली. डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपलं आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये, आणि किमती धाडकन खाली आल्या.

ही औषधं हजारो पेशंटवर तपासली गेलीत. मृत्यू कमी होतात, पुन्हा अ‍ॅडमिट व्हावं लागणं कमी होतं, आणि बऱ्याच जणांचा ईएफही वर येतो. साडेचार लाख खर्च करायला निघालेल्या घरात यांतली दोन औषधं मुळात सुरूच नाहीत आणि तिसऱ्याचा डोस वाढवलेला नाही, हे मी दर आठवड्याला बघतो आणि दर आठवड्याला चिडतो. नीट डोसवर तीन महिने काढूनही ईएफ ३५ च्या खाली राहिला तर आयसीडी नावाचं, धोकादायक ठोके झटका देऊन थांबवणारं यंत्र बसवायचा विचार होतो, ईसीजीतली क्यूआरएस लाट रुंद असेल तर सीआरटी, म्हणजे हृदयाच्या दोन्ही बाजू एकदम चालवणारं यंत्र. स्टेम सेलचा नंबर या सगळ्याच्या नंतर, आणि तोही ट्रायलमध्ये.

---

सिस्टर_निवृत्त | बुधवार, सकाळी ७:३०

मी पालिकेच्या हॉस्पिटलात हृदयविभागात नोकरी केली. दोन शब्द माझेही.

घरात वजनकाटा घ्या. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी साठतंय. सूज दिसायची वाट बघू नका, डॉक्टरला फोन करा. पापड, लोणचं, सुकट, फरसाण बंद. लालबागकरांना सुकट बंद सांगणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, मी शिवडीची.

आणि शहाळं! भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. स्पायरोनोलॅक्टोन सुरू झालं की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. आमच्या वॉर्डात खाटेखाली शहाळ्यांची रांग लागलेली असायची, मी पाहुण्यांसकट बाहेर काढायची.

---

बोरिवली_स्लो | बुधवार, सकाळी ९:१२

सिस्टर, तुमच्या वॉर्डात माझे मामा होते बहुतेक. शहाळं फेकलं म्हणून अजून राग आहे त्यांना. ठणठणीत आहेत.

---

आशावादी | बुधवार, दुपारी १२:४०

सगळं मान्य, पण तुम्ही सगळे मिळून नवीन संशोधनाला मोडीत काढताय असं वाटतंय. सगळ्यांनी अशीच वाट बघितली असती तर हार्ट ट्रान्सप्लांट तरी झाला असता का? आपल्याच केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केला होता. जगातला पहिला करणाऱ्या बर्नार्डनंतर जेमतेम अडीच महिन्यांनी! तेव्हा कुठे होते मोठे अभ्यास?

---

पेशीवाला | बुधवार, रात्री ८:२५

आशावादी, सेनांचं नाव काढलंत म्हणून बरं वाटलं, परळमध्येही ते आता फारसं कुणी काढत नाही. जगातल्या पहिल्या काही हृदयरोपणांपैकी ते एक. पण पेशंट काही तासच जगला. सेनांनी ते यश म्हणून खपवलं नाही. भारतात हृदयरोपण यशस्वी झालं ते १९९४ साली एम्समध्ये. मधल्या काळात सायक्लोस्पोरिन आलं, शरीराने परकं हृदय नाकारू नये याची सोय झाली आणि अवयवरोपणाचा कायदा आला. धाडस असावंच. पण ते उघड्यावर, नोंद ठेवून, फसलं तर फसलं म्हणून सांगायच्या तयारीने.

याच क्षेत्रातलं उलटं उदाहरणही आहे. पुढे हार्वर्डशी संलग्न हॉस्पिटलात गेलेले पिएरो अन्व्हर्सा. २००१ मध्ये त्यांच्या गटाने छापलं की अस्थिमज्जेतल्या पेशी उंदराच्या मेलेल्या हृदयात नवे स्नायू तयार करतात. जगभर तो धडा गिरवला गेला, माणसांवर ट्रायल्स झाल्या, करिअर्स उभी राहिली. इतर लॅबना ते जमेना. शेवटी ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड आणि त्या हॉस्पिटलनेच सांगितलं की त्यांच्या लॅबचे ३१ शोधनिबंध मागे घ्या, त्यांत खोटा किंवा फिरवलेला डेटा आहे. या नाळेच्या पेशी नव्हेत, त्यामुळे चिलीवाल्यांवर याचा डाग पडत नाही. पण "हार्वर्डमध्ये झालंय" असं कुणी ब्रोशरवर छापलं की मी चष्मा पुसून पुन्हा वाचतो.

प्रामाणिक मोठा अभ्यास कसा असतो तेही सांगतो. ड्रीम-एचएफ, २०२३ मध्ये प्रसिद्ध. अस्थिमज्जेतल्या पेशी थेट हृदयाच्या स्नायूत टोचल्या, पाचशेच्या वर पेशंट. मुख्य प्रश्न होता की हार्ट फेल्युअरने पुन्हा पुन्हा अ‍ॅडमिट होणं कमी होतं का. उत्तर आलं, नाही. अटॅक आणि पक्षाघात मात्र कमी दिसले, म्हणजे धागा तुटलेला नाही. वीस वर्षांच्या मेहनतीनंतर "नाही, पण" असं उत्तर येतं, आणि इकडे डे-केअरमध्ये नाश्त्यासकट हमखास गुण.

---

ठाणे_वेस्ट | बुधवार, रात्री १०:१५

सगळं वाचतेय. माझा प्रश्न थोडा वेगळा. माझ्या जावेच्या बाळाला पोटात असतानाच हृदयाचा डावा भाग नीट वाढलेला नाही असं कळलंय. तिलाही बँकवाले सांगतायत की याच्या नाळेचं रक्त याच्याच कामी येईल. हेही थोतांड का?

---

पेशीवाला | बुधवार, रात्री ११:००

हे थोतांड म्हणून झटकता येणार नाही. एचएलएचएस म्हणतात त्याला. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या गटाने अशा दहा बाळांवर पहिल्या टप्प्याचा अभ्यास केला. जन्मताना बाळाचं स्वतःचं नाळेचं रक्त घेतलं, त्यातल्या पेशी वेगळ्या केल्या आणि दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी छाती उघडलेली असताना उजव्या कप्प्याच्या स्नायूत टोचल्या. सुरक्षित दिसलं. गुण किती येतो हे ठरवायला तो अभ्यास नव्हताच.

पण ते त्या ट्रायलच्या आत होतं. आपल्याकडच्या बँकेच्या टाकीत ठेवलेलं रक्त इथल्या कुठल्या सर्जनने, कुठल्या परवानगीने टोचायचं? जावेला सांगा, बँकवाल्यांना नाही, जो सर्जन बाळाचं ऑपरेशन करणार आहे त्याला विचार. तो हो म्हणाला तर जरूर ठेवा.

---

चाळीतली_चिमणी | गुरुवार, सकाळी ७:५०

ठाणे_वेस्ट, बाळासाठी प्रार्थना.

काल भाऊ क्लिनिकमध्ये जाऊन आला. तिथले म्हणाले, "आमचं सगळं कायदेशीर आहे, सीटीआरआयचा नंबर आहे," आणि कागदाच्या तुकड्यावर नंबर लिहून दिला. हे काय असतं?

---

डॉ_स्टेथो | गुरुवार, दुपारी २:१०

क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची). जून २००९ पासून औषधांच्या ट्रायलची नोंद तिथे करावीच लागते. साइट सर्वांना खुली आहे, नंबर टाकून बघा. चार गोष्टी पाहायच्या: आजार कोणता, प्रमुख डॉक्टर आणि केंद्र कोणतं, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, आणि भरती चालू आहे की संपली.

आणि मुख्य म्हणजे, ट्रायल असेल तर पैसे कसले? प्रयोगात भाग घेणाऱ्या पेशंटकडून उपचाराचे पैसे घेणं आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. उलट २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई करणाऱ्यांनी द्यायची असते. आयसीएमआरची २०१७ ची तत्त्वं तर स्पष्ट म्हणतात की रक्ताच्या आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल फक्त ट्रायलमध्येच द्यायच्या, त्याबाहेर देणं अनैतिक. मान्य उपयोग बघायचा असेल तर खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये जा, तिथे बोनमॅरो ट्रान्सप्लांट रोजचं काम आहे.

---

चाळीतली_चिमणी | गुरुवार, रात्री ९:३५

नंबर टाकला. गुडघ्याच्या संधिवाताचा अभ्यास निघाला. दुसऱ्या राज्यातला. भरती पूर्ण.

भाऊ बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला, "एफडी राहू दे."

---

बोरिवली_स्लो | गुरुवार, रात्री ९:४०

गुडघा काय, हृदय काय, पेशंट तोच समजायचा.

---

आशावादी | गुरुवार, रात्री १०:०५

हे मात्र अती झालं. चिलीबद्दल मी अजूनही ठाम आहे, पण असल्या लोकांमुळेच चांगलं संशोधन बदनाम होतं. आणि पेशीवाला, मी "साइड इफेक्ट नाहीत" म्हणालो त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत.

---

पेशीवाला | शुक्रवार, सकाळी ६:२०

आता बोलतो. चिलीत दगा झाला नाही कारण तिथे दात्यांच्या तपासण्या होत्या, लॅबला मान्यता होती, प्रत्येक बॅचची जंतू आणि गुणसूत्रांसाठी चाचणी होती. क्लिनिकच्या सलाइनमध्ये सहा कोटी पेशी आहेत की सहा हजार, जिवंत आहेत की मेलेल्या, नाळ कुणाची, तिची एचआयव्ही-हिपॅटायटिसची तपासणी झाली का, हे तुम्हाला कोण सांगणार? पेशी नीट वाढवल्या नाहीत तर जंतुसंसर्ग होऊ शकतो, गोळा होऊन फुप्फुसात गुठळी अडकू शकते. ईएफ २८ च्या माणसाला तेवढंही झेपत नाही.

आणि रीतसर वाटेने आलं की मान्यता मिळते, हेही खरं. बेंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्सने अस्थिमज्जेतल्या एमएससीचं औषध पायाच्या रक्तवाहिन्या बंद होणाऱ्या बर्जर रोगासाठी तयार केलं, ट्रायल्स केल्या, २०१६ मध्ये औषध महानियंत्रकांची मर्यादित मंजुरी मिळाली. मंजुरी पायाची आहे, हृदयाची नाही. उद्या कुणी तेच दाखवून हृदयाचं बिल करेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

---

चाळीतली_चिमणी | पुढच्या बुधवारी, रात्री ९:००

अपडेट. अण्णांना घेऊन पालिकेच्या हॉस्पिटलच्या हार्ट फेल्युअर ओपीडीत गेलो. सकाळी सातला केसपेपर, दुपारी दीडला नंबर. डॉक्टरांनी क्रिएटिनिन, पोटॅशियम बघितलं, रॅमिप्रिल बंद करून दोन दिवसांनी नवीन गोळी सुरू करायला सांगितली, डापाग्लिफ्लोझिन लगेच. स्पायरोनोलॅक्टोन पुढच्या वेळी, रक्त बघून. स्टेम सेलचं विचारलं तर मान वर न करता म्हणाले, "आधी वजन लिहून आणा."

काटा आणलाय. अण्णा रोज वजन करतात आणि कालनिर्णयवर लिहितात, त्यावरून आईशी रोज वाद, कारण तिची दुधाची नोंद त्याच चौकटीत असते.

आता फक्त बँकेचं राहिलंय. रक्त तरी ठेवावं का, असं वहिनीच्या आईचं म्हणणं. आणि नाळ संशोधनाला देता येते का?

---

पेशीवाला | पुढच्या बुधवारी, रात्री ९:५०

टिश्यूचा विषय संपवा. आयसीएमआरच्या २०१७ च्या तत्त्वांप्रमाणे आपल्याकडे फक्त नाळेच्या रक्ताच्या बँकेला परवाना मिळतो, टिश्यू साठवायला मुभाच नाही.

रक्ताचं म्हणाल तर इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१८ मध्ये सांगितलंय की साठवलेलं रक्त त्याच मुलाला लागण्याची शक्यता ०.०४ ते ०.०००५ टक्के. जन्मजात रक्ताच्या आजारात तर स्वतःचं रक्त उपयोगीच नाही, तोच दोष त्यातही असतो. घरात आधीचं मूल थॅलेसेमियाचं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा भावंडाचं रक्त जरूर ठेवावं.

संशोधनाला नाळ देता येते, पण हॉस्पिटलात मंजूर प्रकल्प चालू असेल आणि वहिनीची लेखी संमती असेल तरच. मॅटर्निटी होममध्ये तसं काही नसेल तर ती हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतूनच जाते, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

---

सिस्टर_निवृत्त | पुढच्या गुरुवारी, सकाळी ७:१०

वहिनीच्या आईला माझ्याकडून सांगा, ते रक्त ठेवायची सर्वांत चांगली जागा बाळाचं अंग. बाळ बाहेर आल्यावर निदान एक मिनिट तरी नाळेला चिमटा लावायचा नाही, असं डब्ल्यूएचओही सांगते. तेवढ्यात बरंच रक्त बाळाकडे जातं आणि पुढचे कित्येक महिने लोह पुरतं. बँकेची पिशवी भरायची म्हणून घाई केली तर तेच कमी होतं.

पुढच्या तपासणीलाच डॉक्टरांना सांगून फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून घ्या. ऐन वेळी लेबर रूममध्ये कुणाचं कुणी ऐकत नाही.